राजदीपनं निवडलेला प्रोसेसर

"चार कोरवालाच आणायचा," राजदीपनं निकाल देऊन टाकला. "दोन कोरवाल्याचं नावही काढू नका."

"दादा, तो सस्ता आहे ना पण," उर्वशी म्हणाली.

"सस्ता माल, रोज हाल. गेम अर्ध्यात अडकला की रडत बसशील."

दिवाळीची सुट्टी लागून तीन दिवस झाले होते आणि उर्वशीच्या घरामागच्या टिनाच्या खोलीत गेमिंग कम्प्युटर जुळत होता. कॅबिनेट आणि मॉनिटर पांढरकवड्याच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आले होते. राहिला होता प्रोसेसर, म्हणजे कम्प्युटरचा मेंदू, आणि तो ज्यावर बसतो तो बोर्ड. सातवीतली उर्वशी, तिच्याच वर्गातला अमर आणि तांड्यावरचा अकरा वर्षांचा लखीराम अशी ही टोळी. चौथा राजदीप, उर्वशीचा अठरा वर्षांचा भाऊ, काळा चष्मा लावून खाटेवर बसलेला.

चष्मा सप्टेंबरपासून होता. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, तरी बोंडात अळी होतीच. उर्वशीनं कम्प्युटरचा हट्ट धरला, म्हणून राजदीप अमरच्या वडिलांच्या, किसनरावांच्या शेतात फवारणीच्या मजुरीला गेला. पाठीवर चायना पंप. नाकाला काही नाही, डोळ्यांना काही नाही. डोक्यावरच्या झाडाला वर तोंड करून औषध मारलं की ते खाली कुठं पडणार? तोंडावरच. पाचव्या दिवशी तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, कोसळला. यवतमाळच्या दवाखान्यात अकरा दिवस काढून घरी आला. आता बरा होता. म्हणजे सगळे तसं म्हणत होते. उजेड टोचतो म्हणून फक्त चष्मा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमर धावत आला.

"उर्वशे, घोळ आहे. दादा म्हणते तो प्रोसेसर मी मोबाइलवर वाचला. तो स्वतः चित्र काढत नाई. त्याले येगळं ग्राफिक्स कार्ड लागते. कार्ड तर आपण घेऊनच नाई राह्यलो."

"मग?"

"मग काय? पंखा फिरन, दिवा लागन, अन् स्क्रीन काळीच्या काळी."

"म्हणजे आमच्या तांड्यावरचा टीव्हीच झाला तो," लखीराम म्हणाला. "आवाज येते, माणूस दिसत नाई."

"दादा विसरला असन," अमर म्हणाला.

उर्वशी हसली नाही. जून महिन्यात याच खोलीच्या भिंतीवर कोळशानं आकृती काढून राजदीपनंच तिघांना शिकवलं होतं: कार्ड घ्यायची ऐपत नसेल, तर चित्र काढणारा प्रोसेसर घ्या, कोर कमी असले तरी चालतील. ती आकृती अजून भिंतीवर होती.

"दादा एक वेळ स्वतःचं नाव विसरन, पण हे नाई," ती म्हणाली. "त्याले काळीच स्क्रीन पाहिजे आहे. कायले?"

मग तिला एकेक आठवायला लागलं. परवा त्यानं पाणी ओतलं ते पेल्याच्या बाजूला. लखीराम दारात आला तरी तो बोलेपर्यंत दादा त्याला हाक मारत नाही. तिनं संशय मनातच ठेवला. फक्त म्हणाली, "अमर, प्रोसेसरच्या डब्याएवढा एखादा खोका आण. दुसऱ्याच कशाचा तरी."

अमरनं घरातून पंपाच्या नोझलचा रिकामा खोका आणला. खोक्यावर रंगीत चित्र होतं: तोंडाला मास्क, डोळ्यांना मोठा चष्मा, हातमोजे, गुडघ्यापर्यंत बूट आणि हातात फवारणीची नळी. तालुकाभर फिरलात तरी असा सजलेला मजूर तुम्हाला दिसणार नाही. तो खोक्यावरच राहतो.

"दादा, यवतमाळच्या दुकानदारानं हा डबा पाठवला. हाच ना?"

राजदीपनं खोका हातात घेतला. चष्मा कपाळावर सारला, खोका डोळ्यांजवळ नेला, अंगठा फिरवला.

"हाच. हे काय, बाजूले चार कोर लिहूनच आहे."

लखीराम हसू दाबायला तोंडावर हात ठेवूनच उभा होता. तो हात तसाच राहिला. हाताखालून हुंदका आला तसं अमरनं त्याला ओढत बाहेर नेलं.

"काय झालं त्याले?" राजदीपनं विचारलं.

"ठसका लागला," उर्वशी म्हणाली.

ती थेट वावरात गेली. आई, सत्यभामा, कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती.

"डोळे तपासले ना त्याचे शाळेतल्या शिबिरात," आई म्हणाली. "कागद आहे, बाई. किसनरावभाऊंकडं ठेवला आहे."

उर्वशी त्यांच्या घरी गेली तर किसनरावांनी कागद लगेच दाखवला. "सहा बाय सहा. म्हणजे घारीची नजर. शिक्का आहे पोरी, शिक्क्याच्या वर बोलायचं नसते."

"काका, तुम्ही त्याले विचारलं का, दिसते का म्हणून?"

"कागद असल्यावर माणसाले कायले विचारायचं?"

अमर पायरीवर बसून वडिलांचं बोलणं ऐकत होता. उर्वशी बाहेर आली तसा तो हळूच म्हणाला, "त्या शिबिरात मी होतो. सारे लायनीत बसतात. पुढचा माणूस तक्ता वाचते, मागचे ऐकतात. दादा बारावा होता."

म्हणजे अकरा वेळा ऐकून बाराव्यांदा त्यानं म्हणून दाखवलं होतं. ज्याला पन्नास प्रोसेसरांचे नंबर तोंडपाठ, त्याला दहा अक्षरं काय जड?

गुरुवारी शाळेत पुन्हा शिबिर होतं आणि फवारणी केलेल्या साऱ्यांना यायचं होतं. त्याआधी एक अख्खी दुपार तिघं पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं अक्षरं काढत बसले.

"दादा चिडन," लखीराम म्हणाला.

"चिडू दे. काळ्या स्क्रीनसमोर बसू देणार नाई मी त्याले."

गुरुवारी वर्गात बाकं ओढून रांग केली होती. शिबिरातला तपासनीस टेबलामागं बसून मोबाइलवर बोट फिरवत होता. एकेक जण तक्ता वाचत होता आणि तो मान न उचलता आकडा लिहीत होता. राजदीपचा नंबर नववा. बाजूला सत्यभामा, भिंतीशी किसनराव. आठवा माणूस उठला तसा लखीराम चहा घेऊन गेला. तपासनिसानं मान खाली ठेवूनच पेला घेतला. अमरनं शांतपणे भिंतीवरचा तक्ता काढला आणि आपला टांगला. चोरी करायला आलेल्याला घर उघडं सापडावं, इतकं ते सोपं होतं.

"नेक्स्ट. वाच."

राजदीप ताठ बसला. "प, र, ग. म, ट, न. ळ, ख, च, द."

"सहा बाय सहा," तपासनीस पुटपुटला आणि लिहिलं.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: साहेब, वर पाहा.

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग ज्यांना वाचता येत होतं त्यांच्या लक्षात आलं, आणि हसू जिथल्या तिथं मेलं.

"साहेब," उर्वशी म्हणाली, "तक्ता वाचा."

"तुझा नंबर नाही."

"माझा नाई. तुमचा आहे."

त्यानं वर पाहिलं. चहाचा पेला तोंडाशीच थांबला. सत्यभामा उठून लेकासमोर जाऊन उभी राहिली, एका हाताच्या अंतरावर. राजदीपचा चेहरा तिच्या अंगावरून पलीकडं, नुसत्या भिंतीकडं होता.

"उर्वशे," तो म्हणाला, "बरोबर वाचलं ना मी?"

त्याच दुपारी जीप नागपूरला निघाली. कळंब मागं पडलं. मग राजदीप म्हणाला, "लोकाईसमोर नागडं केलं तू मले."

"हो," उर्वशी म्हणाली. "दादा, काळी स्क्रीन कायले पाहिजे होती?"

राजदीपनं चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"कम्प्युटर सुरू झाला असता, तर तू म्हटलं असतं, दादा, खेळ. मग तुले कळलं असतं. काळीच राहिली असती तर साऱ्याईचीच काळी. तू दुकानदारावर चिडली असती, माह्यावर चिडली असती. स्वतःवर नाई."

तिनं त्याचा हात धरला. त्यानं सोडवून घेतला. थोड्या वेळानं पुन्हा दिला.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डावा डोळा गेला. उजवा वाचेल, पण हातभर अंतरापुरता. "पंधरा दिवस आधी आणलं असतं..." इतकं म्हणून ते औषधं लिहायला लागले.

शाळा उघडली तेव्हा मैदानात खुर्च्या मांडल्या. तपासनिसाची चौकशी लागली होती आणि गावाला आता अभिमान वाटत होता. हेडमास्तरांनी तिघांना पुढं बोलावलं, सरपंचांनी नारळ दिले, म्हणाले, असे गुप्तहेर जिल्ह्यात नाहीत. किसनरावांनी उर्वशीच्या डोक्यावर हात ठेवला. "काय तेज नजर या पोरीची."

"काका, तेज नजर लागलीच नाई याच्यात," उर्वशी म्हणाली. माइक समोरच होता, साऱ्या मैदानानं ऐकलं. "वीस दिवस दादा तुमच्या दारावरून जात होता, भिंतीले हात लावत. कोणीतरी नुसतं विचारायचं होतं, बाबू, दिसते का तुले?"

किसनरावांचा हात खाली आला. अमर वडिलांकडं पाहत राहिला.

"मी पण नाई विचारलं," ती म्हणाली, आणि नारळ टेबलावर ठेवून खाली उतरली.