तीन पदरी हाराचं वजन

"हे माझ्या हातचं काम नाही!"

सोनारकाका ओरडले आणि संग्रहालयाचं दागिन्यांचं दालन दणाणलं. काचपेटीतला दोनशे वर्षांपूर्वीचा तीन पदरी हार तीन महिन्यांपूर्वी त्यांनीच दुरुस्त केला होता. आज मोठ्या हौसेनं मुलीला दाखवायला आणलं, आणि बघतात तर ओवण्याच्या गाठी भलत्याच! हार चक्क नकली होता.

अर्ध्या तासात इन्स्पेक्टरबाई हजर झाल्या. संचालक दारातच तावातावानं बोलू लागले.

"मॅडम, कांगावा बघा यांचा! हार तीन आठवडे यांच्या दुकानात होता. अस्सल ठेवून घेतला, नकली आमच्या गळ्यात मारला. पुढच्या आठवड्यात वार्षिक तपासणी आहे, तेव्हा पकडले जाणार म्हणून आधीच आरडाओरडा."

"तुम्हाला कळलं कसं नाही?"

"कळणार कसं? आत्ता नोंदवही काढून तोलला. एकशे चौऱ्याऐंशी ग्रॅम, तंतोतंत! हार हाताळलेल्या माणसालाच हे जमेल."

सोनारकाका बाकावर बसले होते. मुलीनं त्यांचा हात घट्ट धरला होता.

"काका, दुरुस्तीत काय काय केलंत?"

"तिन्ही पदर नव्यानं ओवले. मणी पोकळ आहेत. चेपू नयेत म्हणून आत लाख भरलेली होती, तिचा पार भुगा झाला होता. तो झाडून काढला."

"नवी लाख भरलीत?"

"नाही. इथल्या नोंदणीबाई म्हणाल्या, आता हा कोण घालणार? राहू द्या रिकामे." काकांनी बाईंकडे पाहिलं. "पंचेचाळीस वर्षं लोक डोळे झाकून माझ्या हातात सोनं देतायत, बाई. आज तुमच्या गाडीत बसलो, तर दुकान उघडायचं तोंड उरणार नाही मला."

"बाबा, गप्प बसा हो," मुलगी रडवेली झाली.

बाहेर गर्दी जमली होती. ड्रायव्हरनं गाडी दारापर्यंत आणली होती.

"आता कशाची वाट बघताय?" संचालक म्हणाले. "न्या त्यांना."

इन्स्पेक्टरबाई नोंदणीबाईंच्या खोलीत गेल्या.

"काचपेटीच्या किल्ल्या कुणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक साहेबांकडे."

"आणि नोंदवही?"

"साहेबांच्या कपाटात. आम्ही हातही लावत नाही."

"हार परत आला तेव्हा कुणी तोलला?"

"मीच. तोलल्याशिवाय मी काहीच ताब्यात घेत नाही." नोंदणीबाई गडबडल्या. "वजन बदलायची फाईल लगेच पाठवली होती, मॅडम! साहेबांची सही झाल्याशिवाय नोंदवहीत दुरुस्ती होत नाही. तीनदा आठवण केली. दर वेळी 'बघतो' म्हणाले."

संचालकांच्या टेबलावर फायलींचा ढीग होता. बाईंनी तो उपसला. हवी ती फाईल पार तळाशी निघाली, बांधलेली तशीच. ती घेऊन त्या दालनात परतल्या.

"साहेब, ही वाचलीत?"

"अशा शंभर येतात. कशाची आहे?"

"याच हाराची. काकांकडून परत आला तेव्हा तो एकशे एकाहत्तर ग्रॅम भरला. तेरा ग्रॅम लाख निघून गेली होती. म्हणजे काकांनी परत दिलेला हार हा नव्हेच. हा नंतर पेटीत आला. कुलूप शाबूत आहे, तेव्हा किल्लीनंच आला. किल्ल्या दोघांकडे. नोंदणीबाईंनी नक्कल करवली असती, तर एकशे एकाहत्तर ग्रॅमची. त्यांनी स्वतः तोललं होतं. जुनं वजन खरं मानणारा इथे एकच माणूस आहे. तपासणीत आकडा जुळावा म्हणून तुम्ही नोंदवही बघून हार घडवून घेतलात, आणि फाईल उघडायचा मात्र कंटाळा केलात."

संचालकांच्या तोंडचं पाणी पळालं. "हार... घरी आहे," ते कसेबसे म्हणाले. "अजून विकला नाही."

"चला, दाखवा."

हवालदारानं त्यांना गाडीत बसवलं. बाहेरची गर्दी बघतच राहिली.

"काका, दुसरी गाडी मागवते," बाई म्हणाल्या. "घरी सोडतील तुम्हाला."

"नको. बाजारातून चालत जाईन म्हणतो." काकांनी डोळे पुसले. "बातमी माझ्या आधी पोचली असेल. तुम्ही याल का हो बरोबर दुकानापर्यंत? अशाच, वर्दीत."

बाईंनी हार ताब्यात घ्यायला हवालदाराला गाडीतून पुढे पाठवलं, डोक्यावर टोपी नीट बसवली आणि काकांच्या शेजारून चालू लागल्या.