दोन पेरं

जमीन गोठायच्या आत ट्युलिपचे कंद लावायचे होते. निदान अर्लिसनं नवऱ्याला, ड्वेनला, तसं सांगितलं होतं. शुक्रवारी दुपारी जेवणाची भांडी आवरून तिनं गुडघ्यांखाली जुनी उशी घेतली, खुरपं आणि फावडं जवळ ठेवलं आणि मागच्या खिडकीखालच्या वाफ्यापाशी बसली. सासू गेल्यापासून सहा वर्षांत त्या वाफ्याला कुणाचा हात लागला नव्हता. चिवट गवत माजलेलं, वाळक्या काटक्या, वर मॅपलच्या ओल्या पानांचा थर. मिनेसोटातला ऑक्टोबर तो, भर दुपारी तळ्यावरून धुकं चढत होतं.

खरं कारण वेगळंच होतं. सकाळी कॉफी पिताना ड्वेन म्हणाला होता, "उद्या मी आईची पिअनीची फुलझाडं उपटतो. तिच्या थडग्यापाशी लावू. तिथं तरी फुलतील बिचारी."

अर्लिसनं कप खाली ठेवला. ड्वेन शेतकऱ्याचा पोरगा. ती मुळं केवढी खोल आहेत हे त्याला फावड्याच्या पहिल्या दोन घावांतच कळलं असतं. म्हणून तो कामावरून यायच्या आत मुळं वर काढायची, वाफा सारखा करायचा आणि तोंड मिटून बसायचं, असं तिनं ठरवलं होतं.

ड्वेनची आई व्हर्ना. शेत विकून त्यांच्याकडे राहायला आली तेव्हा पिशवीत पिअनीची तीन मुळं घेऊन आली होती. मक्याच्या यंत्रात सापडून वाकडं झालेलं तर्जनीचं टोक सुनेच्या नाकापुढे नाचवत म्हणाली होती, "दोन पेरं खोल, जास्त नाही. खोल गेली तर नुसती पानं येतात. एवढं तरी जमेल ना तुला? तुझ्या हाताला तर गवतसुद्धा लागत नाही."

वीस वर्षांचे टोमणे होते ते. त्या दिवशी अर्लिसचं डोकं फिरलं. तिनं कोपरापर्यंत खड्डा खणला, मुळं तळाशी टाकली आणि वरची माती पायानं दाबून बसवली.

पुढं म्हातारीनं अंथरूण धरलं, तेही याच खिडकीशी. दर मे महिन्यात ती अंगठीनं काचेवर टकटक करायची. "कळ्या आल्या का गं?"

"पानंच आहेत, आई."

युद्धात गेलेल्या थोरल्या मुलाच्या, रोलंडच्या थडग्यावर घरची फुलं ठेवायची तिची एवढी एकच हौस. नऊ वर्षं दुकानातली फुलं न्यावी लागली. मरताना म्हातारीनं सुनेचा हात धरला. "माफ कर गं मला. मुळंच खराब दिली मी तुला. उगाच तुला बोलत राहिले."

तेव्हाही अर्लिस गप्पच राहिली. ते आठवलं की अजून तिचे कान तापायचे, एकटी असली तरी.

गवत निघालं. तिनं फावडं घातलं, आणि ते वरच्या वरच कशाला तरी अडलं. तिनं हातानं माती सारली. मूळ होतं. गुलाबी डोळे वर केलेलं, दोन पेरं खोल. दुसरंही तसंच होतं आणि तिसरंही.

थंडीनं जमीन फुगते, दगडसुद्धा वर येतात, असं तिनं स्वतःला समजावलं. पण कोपरभर…? मग तिला भोकं दिसली. प्रत्येक मुळाभोवती बोटानं माप घ्यावं तशी, आणि प्रत्येक भोक टोकाशी एकाच बाजूला वळलेलं. ओल्या मातीतून कापराच्या मलमाचा वास येत होता. व्हर्नाच्या छातीला रोज तेच चोळायचे.

"आई…" तिच्या तोंडून निघालं. "मी…"

"कुणाशी बोलतेस?"

ड्वेन लवकर आला होता. तो वाकला, मुळांवरून हात फिरवला आणि हसला. "अगं, ही तर अगदी मापात लावलीयेस! म्हणजे आई म्हणायची तेच खरं. मुळंच खराब होती."

आता बोलायला हवं होतं. शब्द ओठांवर आला होता. देवानं, नाहीतर आणखी कुणी, सगळं झाकून दिलं होतं आणि तरीही सांगायची संधी समोर ठेवली होती.

"असतील," अर्लिस म्हणाली.

मुळांवर ओलं पोतं टाकून दोघं आत गेली. लाज वाटली, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच तिला पुन्हा लाज वाटली.

शनिवारी उजाडल्यावर बाहेरून ड्वेनची हाक आली. "अर्लिस… इकडे ये जरा."

पोतं बाजूला पडलं होतं. ड्वेन पालथा पडला होता, हात कोपरापर्यंत जमिनीत. "काल वर होती ना गं? आत्ता कुठं हाताला लागतायत… आणि वरची माती बघ. पायानं दाबल्यासारखी."

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. आतून. घरात तिसरं कुणी नव्हतं, आणि अंगठी तर म्हातारीच्या बोटातच ठेवून पुरली होती.

"कळ्या येणारच नव्हत्या, आई," अर्लिस खिडकीकडे बघत म्हणाली. "मुळं मीच खोल पुरली होती. मुद्दाम."

ड्वेननं हळूहळू हात बाहेर काढला.

"ती तुझी माफी मागून गेली, अर्लिस."

ती मान वर करू शकली नाही. तिला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर तरी टकटक थांबेल. पण थांबली नाही. ती पुढच्या काचेवर गेली, मग त्याच्या पुढच्या, आणि सावकाश मागच्या दाराकडे सरकू लागली.