भिंतीकडची बाजू

दर गुरुवारी साडेअकराला साईनाथ ठाण्याच्या हॉस्पिटलमधून औषध भरून बाळकुमच्या घरी यायचा आणि पुढचे दोन तास कलावतीचं राज्य असायचं. त्याच्या मूत्राशयातला कॅन्सर डॉक्टरांनी खरवडून काढला होता. तो परत उगवू नये म्हणून नळीने आत लस सोडत. सहा गुरुवार, सहा डोस. लस आत सगळीकडे लागावी यासाठी दोन तास लघवी धरायची आणि दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची. लहान बाळांच्या दंडावर देतात तीच ही क्षयाची लस, जंतू दुबळे पण जिवंत. म्हणून नंतर कमोडमध्ये ब्लीच ओतायचं.

वर्तकनगरच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झालेल्या कलावतीला असली कामं बिनचूक जमत. पलंगाशी खुर्ची टाकून, हातात घड्याळ धरून ती बसायची. "अहो, वळा." तो मुकाट्याने वळायचा. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण हा माणूस पहिल्यांदाच पुरता आपल्या हातात आलाय असं तिला वाटे, आणि ते तिला मनापासून आवडे. नवऱ्याच्या आजारपणात सुख मानू नये हे तिला कळत होतं. पण कळून उपयोग काय!

तोवर सगळा हक्क नीलाचा होता. नीला म्हणजे साईनाथची पहिली बायको. विठ्ठलवाडीच्या चाळीत अठ्ठाविसाव्या वर्षी क्षयाने गेली. तिसऱ्या महिन्यात बरं वाटलं म्हणून तिने गोळ्या सोडल्या होत्या. "मी सोडू दिल्या," असं साईनाथ वर्षातून एकदा तरी म्हणायचाच. मेलेल्या सवतीशी भांडायची सोय नसते. ती म्हातारी होत नाही, तिच्या आमटीत मीठ जास्त पडत नाही. कलावती एकतीस वर्षं आतल्या आत जळत होती आणि हे तिने कुणाला कळू दिलं नव्हतं.

चौथ्या गुरुवारी "वळा" म्हणायला तिने तोंड उघडलं, तर तो आधीच भिंतीकडे वळलेला. पुढच्या पंधरा मिनिटांनीही तेच. घड्याळ तर तिच्या हातात होतं.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच ना," तो म्हणाला. मग मान वळवून, "नाही का?"

रविवारपासून रोज दुपारी चारला त्याला ताप भरू लागला. तापात तो भिंतीकडे तोंड करून बोलायचा. "नीलू, पाणी पी थोडं." एवढ्या मऊ आवाजात तो कलावतीशी कधी बोलला नव्हता.

दोन दिवसांपेक्षा जास्त ताप राहिला तर कळवा, पुढचा डोस द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाचव्या गुरुवारी नर्सने विचारलं, "ताप वगैरे?" कलावती "नाही" म्हणून मोकळी झाली. ताप म्हटलं की तापात बरळतात का, काय बरळतात, हे आलंच. ते नाव चारचौघांत स्वतःच्या तोंडाने घ्यायचं तिच्या अगदी जिवावर आलं. पाचवा डोस भरला गेला.

दोन दिवसांनी साईनाथची थोरली बहीण हौसाबाई भेटायला आली. हॉलमध्ये चहाची बशी तोंडाला लावताना ती थबकली.

"कलावती, आत कोण आलंय गं?"

"कोण नाय वन्सं. तेच खोकतायत."

"नाय गं बाई. दोनदा कोरडा, मग दम घेऊन एक. चाळीत भिंतीपलीकडून सहा महिने ऐकलाय मी हा खोकला. नीलाचा आहे."

चहा तसाच ठेवून ती गेली. भावाला बघायलाही आत गेली नाही.

सहाव्या डोसाआधी काढलेल्या छातीच्या फोटोत बाजरीच्या दाण्यांएवढे ठिपके निघाले. लसीतले जंतू रक्तात उतरून फुप्फुसात पोचले होते. "ताप आधीपासून होता का?" डॉक्टरांनी विचारलं. कलावतीने खाली बघत "हो" म्हटलं. आपल्या एका "नाही"ने काय केलं हे तिला तिथेच कळलं आणि तिला स्वतःची किळस आली.

आता क्षयाच्याच गोळ्या, सहा महिने. डॉक्टर म्हणाले, "लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणी, सगळं नारिंगी होईल. घाबरू नका. औषध अंगात गेल्याची ती खूण."

गोळ्या ती स्वतः भरवी, त्याला जीभ उचलायला लावून तोंड तपासे. हा वाचायला हवा होता आणि नीला जायला हवी होती. एकाच गोळीत दोन्ही कामं होणार होती.

दहा दिवस झाले. त्याची लघवी साध्या पाण्यासारखीच. घामही तसाच. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या, तरी तेच. ताप हटेना, चार किलो वजन उतरलं.

साईनाथ मात्र खुशीत होता.

"कला, एकही गोळी चुकवू नकोस हं," तो रोज सांगायचा. "या वेळी कोर्स पुरा करायचाय."

त्या दुपारी ती चादर बदलायला गेली. पलंगाची भिंतीकडची बाजू तिची. ऑपरेशनपासून ती हॉलमधल्या दिवाणावर झोपत होती, त्यामुळे तिच्या उशीला महिनोन्‌महिने कुणाचं डोकं लागलं नव्हतं.

तिने उशी उचलली. मधोमध खळगा पडलेला.

पांढऱ्या अभ्र्यावर दोन डाग होते. नारिंगी. बोट लावलं, तर ओले.

साईनाथचं कपाळ तव्यासारखं तापलं होतं. त्याने डोळे उघडले आणि तिच्याकडे बघून प्रेमाने हसला.

"कला, रात्री दोन पोळ्या जास्त लाट," तो म्हणाला. "तिला भूक लागायला लागलीय."