वखारीच्या टोकाचा खटका

मला फक्त तेवढ्या चार मिनिटांतून सुटका हवी होती. आम्ही लाकडाच्या वखारीच्या वर राहतो. खालचे चार मोठे हॅलोजन दिवे अंधार पडायच्या आत लावावे लागतात, नाहीतर फळ्यांना पाय फुटतात. पण दिव्यांचा खटका वखारीच्या पार टोकाला. जाऊन येईपर्यंत चार मिनिटं, आणि तेवढा वेळ पाच महिन्यांची मुलगी वर एकटी. तिला कडेवर घेऊन त्या ढिगांमधून चाचपडत जायचं धाडस मला होत नाही. नवरा माल पोचवायला गेला की आठवडाभर येत नाही.

म्हणून रिमोटचा स्विच आणायला गेले.

"एकूण वॅट किती?" दुकानदारांनी विचारलं.

"पाचशेचे चार."

"मग हा छोटा नको, ताई. हॅलोजन लागताना झटका घेतो. आतले पॉइंट चिकटले की दिवे बंदच होणार नाहीत. तीस अँपिअरचा न्या. आणि जुना खटका ठेवलात तर तो कायम चालू हवा. तो बंद, तर रिमोट मुका."

हे मी त्यांना तीनदा विचारलं. झोप नसली की माणूस असंच करतं.

वायरमनदादांनी दुपारी तो बसवला, तेव्हा मी वर मुलीला पाजत होते. "झालं, ताई," खालूनच म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी रिमोट दाबला. काहीच नाही.

दुकानदारांचं बोलणं आठवलं. मुलगी किंचाळत होती, तिला तशीच टाकून उतरले. ओल्या भुशाचा वास, मागे कुठेतरी एखादी फळी हलल्यासारखा आवाज... खटका बंद होता. तो दाबला आणि लख्ख उजेड पडला. धापा टाकत वर आले, तर मुलगी गप्प. पांघरूण छातीपर्यंत नीट ओढलेलं. मीच ओढलं असेल, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

"तूच बंद करत असशील," नवरा फोनवर म्हणाला. "झोपेत चालतेस की काय?"

"झोपेत चालायला आधी झोप लागावी लागते."

तो हसला. मीही हसले, आणि सकाळी जाऊन खटक्यावर काळी टेप लावून आले. चालू स्थितीत. दोनदा दाबून पाहिलं.

त्या संध्याकाळी रिमोट पुन्हा मुका. खाली टेप जशीच्या तशी होती. तिच्याखाली खटका बंद.

वर आले. मुलगी गप्पच होती. माझ्या खांद्यामागे बघून हसत होती.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात वायरमनदादांना बोलावलं. मुलीला कडेवर घेऊन त्यांच्यामागे टोकापर्यंत गेले.

"कुठला खटका?" ते म्हणाले.

"हा काय, टेप लावलेला."

त्यांनी मग हळूच टेप सोलली. खाली कोरी पांढरी पट्टी होती. सपाट.

"ताई, जुना खटका मी त्याच दिवशी काढला. वायरी थेट जोडल्यात. इथे दाबायला काही नाहीच."

"मग मी रोज..."

रोज चार मिनिटं मला इथे कुणी बोलावलं, हे कळायला फार हुशारी लागत नव्हती. त्या चार मिनिटांत वर काय होत होतं, ते मात्र मला विचारायचं नव्हतं.

तेवढ्यात डोक्यावरचे चारही दिवे लागले.

"बघा, चालतंय की," वायरमनदादा म्हणाले. "वर कोण आहे?"

रिमोट पाळण्याशेजारच्या खिळ्याला टांगलेला होता. आणि कडेवरची मुलगी आमच्या खिडकीकडे बघत दोन्ही हात पुढे करत होती. घे म्हणून.