हॉब्सनसाहेबांचं पत्र

"आत्या, हा चिठ्ठी तुझा आहे ना? डॅडच्या ड्रॉवरमध्ये होता..." इंग्लंडमध्येच वाढलेल्या भाचीने, ईशानीने, मोडक्या मराठीत विचारत पाकीट पुढे केलं आणि नंदाच्या हातातली उशीची खोळ गळून पडली. पाकिटावर शेफील्डचा शिक्का होता, आणि तारीख दोन वर्षांपूर्वीची... २००५ची!

नंदाचे वडील, कमलाकर तांबट, नाशिकहून इंग्लंडमधल्या शेफील्डला आले ते प्यूटरच्या, म्हणजे कथलाच्या त्या चंदेरी मिश्रधातूच्या कामाला. आईमागोमाग तेही गेले तेव्हा नंदा एकोणीस वर्षांची होती आणि श्रीकांत दहाचा. भावाच्या हातात पुस्तक राहावं म्हणून तिने हातोडी उचलली, आलेली स्थळं परत पाठवली आणि तेहतीस वर्षं बिअरचे पेले, बारशाच्या वाट्या, क्लबांचे करंडक घडवले. पुढे पबमध्ये सगळीकडे काचेचे ग्लास आले, भेटवस्तू परदेशातून स्वस्तात येऊ लागल्या. चाळीस कारागिरांचे चार उरले आणि नंदाचंही काम सुटलं. श्रीकांत तिला दूर दक्षिणेला, बेसिंगस्टोकला आपल्या घरी घेऊन आला. "ताई, आता फक्त आराम कर!"

आराम... एक छोटी खोली, बंद खिडकी, खाली गाड्यांची रांग! चहाचा कपही तिला कुणी विसळू देत नव्हतं. इतक्या मायेने कोंडलेल्या माणसाने तक्रार तरी काय करायची?

तिने पत्र उघडलं. कारखान्याचे मालक हॉब्सनसाहेब यांनी लिहिलं होतं, "नंदा, नव्या मुलींना घडाईचं काम शिकवायला तुझ्याशिवाय कुणी नाही. तू येत असशील तर कारखाना चालू ठेवतो."

तिने त्यांना फोन लावला. कारखाना कधीच विकला गेला होता. तिथे आता फ्लॅट होते. "आम्ही तुझ्या उत्तराची फार वाट पाहिली," म्हातारे हॉब्सनसाहेब एवढंच म्हणाले.

संध्याकाळी श्रीकांतने तिच्या हातात ते पत्र पाहिलं आणि दारातच तो खाली बसला.

"ताई, तुझी ती काळवंडलेली, वाकडी झालेली बोटं मला बघवत नव्हती गं! माझ्यासाठीच झाली ना ती तशी? पुन्हा तिथे कसं जाऊ देणार होतो मी तुला?"

"तुझ्यासाठी सुरू केलं होतं रे," नंदा म्हणाली, "पण नंतर ते माझं झालं होतं... हे तू कधी विचारलंच नाहीस!"

"मला हवी ती शिक्षा दे!"

"शिक्षा कसली? मला घरी सोड."

"पण ताई... तू घरीच आहेस."

नंदाने पलंगाखालून आपली बॅग ओढून काढली. ते बघूनच त्याला सगळं कळलं आणि तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

रविवारी शेफील्डच्या टेकडीवरच्या एका भाड्याच्या खोलीत त्याने तिची बॅग ठेवली. तिथे तिच्यासाठी काम उरलं नव्हतं, तरी तिने पहिल्यांदा खिडकी सताड उघडली. तो दाराशी घुटमळला.

"ताई... मी अधूनमधून आलो तर चालेल ना गं तुला?"

तिने त्याला जवळ ओढलं, आणि आपला खरखरीत हात त्याच्या केसांवरून फिरवत राहिली.