तात्यांचा मायक्रोमीटर

लाइट येईपर्यंत बसा इथंच ओट्यावर. मोबाइल खाली ठेवा. हे माझ्या दोस्ताच्या, पुंजारामच्या समोर घडलंय. सातपूरला कारखान्याच्या एका टूलरूममध्ये आम्ही जन्म काढला. खोटं बोलणारा माणूस नाही तो.

पुंजारामला मापाच्या जुन्या हत्यारांचं वेड. गेल्या वर्षी, सर्वपित्री अमावस्येला, रविवारी रात्री तो जेलरोडला गेला. आमच्याच टूलरूमचे गंगाधर तात्या उन्हाळ्यात वारले होते. त्यांचा मुलगा रविराज म्हणाला होता, "काका, बाबांची पेटी एकदा बघून जा. मला त्यातलं काही कळत नाही."

जेवणं आटोपली होती. रविराजच्या बायकोनं, सायलीनं, चहा ठेवला. पुंजारामनं पेटी उघडली. तो कंपनीचं नाव आधी वाचत नाही. नाव काय, कुणीही कोरतं. आधी रेघा बघतो. चांगल्या जुन्या हत्याराच्या रेघा केसासारख्या बारीक, नखाला लागतात. मग पोलाद. चकचकीत नको, दुधाळ हवं. मग जबडा मिटवून दिव्यासमोर धरायचा. फटीतून उजेड आला नाही, तर हत्यार जिवंत.

सगळं जिवंत होतं. एक खाच मात्र रिकामी.

"तात्यांचा इंची मायक्रोमीटर कुठाय रे?"

रविराजनं हनुवटीनं टेबल दाखवलं. टेबलाचा पाय चिरला होता. चिरेत गोंद भरून वरून मायक्रोमीटरचा जबडा आवळलेला. गोंद स्क्रूच्या आट्यांत उतरून दगड झालेला. पुंजारामनं जोर लावला. हलेना.

"अरे, ह्या दोन गोल, सपाट टोकांत केसाची जाडी मोजतात! आणि तू शिकंजा केलास?"

"लोखंडच आहे ना काका. कामाला आलं."

तेवढ्यात सायली स्वयंपाकघराच्या दारात आली. रागानं.

"सगळं सांगा ना त्यांना. काका, बाबांची एक बाजू गेली होती. वाचाही गेली. चांगल्या हातात ते हे धरायचे आणि रात्रभर लुळ्या हाताच्या अंगठ्याचं माप घ्यायचे. टिक टिक आवाज यायचा. ह्यांची झोपमोड व्हायची. एका रात्री ह्यांनी ते हिसकावलं आणि बाबांच्या डोळ्यांदेखत इथं आवळलं. पुढं मरेपर्यंत बाबा बोटं नुसती हवेत फिरवत होते..."

हे सांगताना आजही माझे हात शिवशिवतात, पोरांनो. अंथरुणावरच्या बापाच्या हातातून ओढून घेतलं! काय मागत होता तो माणूस? भाकरी मागत होता? औषध मागत होता?

पुंजाराम उठला. "तू माणूस आहेस का रे?"

"माझं घर आहे! आणि सायली, तू गप्प बस!" रविराजनं टेबलावर मूठ आपटली.

आणि लाइट गेली.

बाहेर कुत्रंसुद्धा भुंकेना.

टिक.

नीट ऐका. मायक्रोमीटरच्या शेपटाला रॅचेट असतं, बोटांनी फिरवायची कळ. जबडा रिकामा असला की ते मुकाट फिरतं. जबड्यात काही सापडलं, घट्ट धरलं, की मगच ते वाजतं. मगच.

टिक... टिक...

"काका, तुम्ही फिरवताय?"

"मी दारापाशी आहे."

"सायली?"

"मी काकांच्या मागं आहे."

टिक...

रविराजचा श्वास ऐकू येत होता. जोरात. मग तोही थांबला.

"बाबा..."

टिक. टिक.

"बाबा, सोडा. दुखतंय... बाबा..."

पुढं शब्द नाही. नुसतं कण्हणं.

लाइट आली. रविराज जमिनीवर बसला होता, उजवी मूठ पोटाशी धरून. मायक्रोमीटर टेबलाच्या पायालाच होता. तसाच आवळलेला. तसाच गच्च.

पुंजारामनं कशाला हात लावला नाही. सायलीला त्याच रात्री माहेरी, मनमाडला पोचवलं. ती अजून परतलेली नाही. बरं केलं तिनं.

परवा रविराज मला नाशिकरोडला सिमकार्डाच्या दुकानात दिसला. मशीनवर अंगठा टेकवत होता. पुसत होता. पुन्हा टेकवत होता. मशीन घेईना. दुकानदार वैतागलेला. मी पुढं होऊन त्याचा हात धरला, उलटा केला.

अंगठ्याच्या मधोमध एक गोल. शर्टाच्या बटणाएवढा. सपाट... घासून पॉलिश केल्यासारखा.

भोवती सगळ्या रेषा होत्या. त्या गोलात एकही नाही.