अर्थ काढला तर…

थळच्या अंबाजी तांडेलांच्या ओटीवर त्या सकाळी एक रेडिओ होता, एक विजेचा पंखा, आवाज मोजायचे एक मापक आणि केळीचे दोन घड. मागीलदारी तेलाच्या इंजिनावर डायनॅमो धडधडत होता. दाराआड तांडेलांची मुलगी केसर उभी होती. ती हरेश्वरने मोजणीत धरली नव्हती.

तीन मचव्यांच्या या मालकाने १९३४ साली हौसेने रेडिओ घेतला खरा, पण पंखा फिरला की गाणे तापल्या तेलात बोंबील सोडल्यासारखे तडतडे. मुंबईच्या दुकानाने हरेश्वरला धाडले ते त्यासाठी. तांडेलांनी बजावले होते, "सकाळी बी खरखर नसंल, तवाच मास्तर जायचे!"

रेडिओची एक तार त्याने न्हाणीमागच्या ओल्या मातीत, तांब्याच्या कांबीला जोडली होती. मापकावर खरखरीचा काटा अठ्ठावीसवरून चारवर आला. पण तीन दिवस हेच चालले होते… संध्याकाळी चार, सकाळी अठ्ठावीस.

आज तो न्हाणीमागे गेला. तार सुटलेली होती. जाळ्याची दोरी गुंडाळावी तशी कुणीतरी ती नीट गुंडाळून ठेवली होती.

मागे बांगड्या वाजल्या. केसर कळशी घेऊन उभी होती.

"ही अर्थची तार कोणी सोडली?"

"अगं बाय! तारेला बी अर्थ असतो?"

"इंग्रजीत जमिनीला अर्थ म्हणतात. खरखर या वाटेनं जमिनीत जाते."

"आसं व्हय…" तिने ओल्या हाताने बट मागे सारली. "मंग मी रोज अर्थ काढते, मास्तर. तुमी कवा काढनार?"

हरेश्वरने तार उचलून उलगडली आणि कांबीजवळ नेली.

"ही जोडली, तर उद्या मला रेवसहून मुंबईची आगबोट धरावी लागेल," तो हळूच म्हणाला.

"ठाव हाय. म्हनून तर—"

"आणि नाही जोडली, तर तुमच्या बाबांना काय सांगू?"

"खरं तेच सांगा. खोटं तुमाला कुठं जमतंय!" ती हसली, पण कळशी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

त्याने तार पुन्हा गुंडाळली. तिने गुंडाळली होती तशीच. मग ती दगडावर ठेवून तो ओटीवर आला.

"मास्तर," तांडेलांनी अंगणातून हाक दिली, "काटा कुठं हाय?"

हरेश्वरने वाकून पाहिले.

"पंखा चालू, अर्थ काढलेला," तो म्हणाला. "अठ्ठावीस."